अनुभव धागा : लॅपटॉपचा माइक आणि मराठीत बोलून टायपिंग – तुमचं कुठे अडलं, कशाने सुटलं?

गेल्या पावसाळ्यात माझ्या उजव्या मनगटाचं दुखणं इतकं वाढलं की डॉक्टरांनी टायपिंग दिवसाला अर्ध्या तासावर आणायला सांगितलं. मी अनुवादाचं काम करते. अर्ध्या तासात दोन पानंही होत नाहीत. म्हणून बोलून टाइप करायचं ठरवलं, आणि पहिले आठ दिवस लॅपटॉपने माझं एक अक्षर ऐकलं नाही.

दुरुस्तीवाल्याने माइक बदलावा लागेल असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात कारण होतं कॅमेऱ्यावर मी स्वतः चिकटवलेलं सरकतं झाकण. त्याची पट्टी थोडी लांब होती आणि कॅमेऱ्याशेजारचं माइकचं छिद्र, जेमतेम टाचणीच्या टोकाएवढं, तिच्याखाली बंद झालं होतं. पट्टी काढली आणि आवाज स्वच्छ यायला लागला. (त्या छिद्रात सुई किंवा टाचणी मात्र घालू नका. आतला पडदा फार नाजूक असतो.)

त्या आठवड्यात एक गोष्ट कळली. आधी लॅपटॉपमधलं साधं साउंड रेकॉर्डर उघडायचं, दहा सेकंद बोलायचं आणि ऐकायचं. आवाज आला, तर माइक शाबूत आहे आणि अडचण पुढे कुठेतरी आहे : परवानगी, ब्राउझर, भाषा. आवाजच आला नाही, तर छिद्र, बटण, तार, ड्रायव्हर (माइक चालवणारं सॉफ्टवेअर) यांच्याकडे वळायचं. मी हे सगळ्यात शेवटी केलं, आधी केलं असतं तर आठ दिवस वाचले असते.

तुमचे अनुभव लिहा. काय होत होतं, काय करून पाहिलं, कशाने सुटलं, असं सगळं सांगा. न सुटलेलंही लिहा. दुकानांची आणि कंपन्यांची नावं नकोत.

निवृत्त शिक्षिका, सांगली

यजमानांच्या आठवणी लिहून ठेवते आहे. ते सांगतात, मी टाइप करायची, पण ऐंशीच्या घरातल्या माणसाच्या बोलण्याचा ओघ माझ्या दोन बोटांसाठी थांबत नाही. नातवाने गूगल डॉक्समधलं व्हॉइस टायपिंग दाखवलं. त्यात मराठी आहे हे मला ठाऊकच नव्हतं. टूल्समध्ये जाऊन व्हॉइस टायपिंग निवडायचं, किंवा कंट्रोल, शिफ्ट आणि एस एकत्र दाबायचं.

पहिली अडचण : माइकचं चित्र यायचं, शब्द नाहीत. क्रोमने पहिल्यांदा परवानगी विचारली तेव्हा घाईत माझ्याकडून ‘ब्लॉक’ दाबलं गेलं होतं. तो एकदा नकार लक्षात ठेवतो, पुन्हा विचारत नाही. पत्त्याच्या पट्टीत डावीकडे जे छोटं चिन्ह असतं तिथे मायक्रोफोन ‘अलाउ’ केला, पान पुन्हा उघडलं, झालं.

दुसरी : यजमान म्हणाले, ‘आम्ही मिरजेला राहायला गेलो,’ आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांत काहीतरी भलतंच. माइकच्या चित्रावरच भाषांची यादी असते. ती इंग्रजीवर राहिली होती.

तिसरी सगळ्यांना येईल. मराठीत ‘पूर्णविराम’ म्हटलं की टिंब पडत नाही, ‘पूर्णविराम’ हा शब्दच उमटतो. मी आता त्याचा उपयोग करून घेते. आम्ही बोलताना सरळ ‘पूर्णविराम’, ‘स्वल्पविराम’, ‘प्रश्नचिन्ह’ म्हणतो आणि शेवटी ‘फाइंड अँड रिप्लेस’ने एकदम बदलतो. शोधायच्या चौकटीत शब्दाच्या आधी एक मोकळी जागा द्यायला विसरू नका, नाहीतर टिंब शब्दापासून तुटून पडतं. परवा चाळीस पानं अशी पाच मिनिटांत नीट केली. वर्गात श्रुतलेखन घालताना मी विरामचिन्हं अशीच उच्चारून सांगायचे, त्यामुळे मला ते जड गेलं नाही.

विद्यार्थी, नागपूर

ऑनलाइन तोंडी परीक्षेच्या दहा मिनिटं आधी माइक बंद. सेटिंग्ज सगळ्या बरोबर. एफ४ वर माइकवर काट मारल्याचं चित्र होतं आणि त्यात बारीकसा दिवा लागलेला होता. एकदा दाबलं, दिवा गेला, आवाज आला. दुसऱ्या लॅपटॉपवर हे बटण वेगळ्या जागी असेल, पण वरची ओळ आधी नीट बघा.

बँक कर्मचारी, मुंबई

मी पूर्ण अंध आहे, लॅपटॉप एनव्हीडीए या स्क्रीन-वाचक सॉफ्टवेअरवर चालवतो. माझी अडचण डोळस माणसाच्या लक्षात येणं कठीण आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मी बोलतो, आणि त्याच वेळी एनव्हीडीए पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचतो. स्पीकरमधला तो आवाज माइकमध्ये जातो आणि माझ्या पत्रात मिसळतो. एका अर्जात माझ्या वाक्याच्या मधोमध बटणांची नावं उतरली होती. मला ते दिसणार नव्हतं. सुदैवाने पाठवण्याआधी ओळ ओळ ऐकली.

उपाय म्हणून इअरफोन लावला, तर नवीनच प्रकार. इअरफोनला स्वतःचा माइक असतो, विंडोजने गुपचूप तोच निवडला. तो शर्टाच्या कॉलरवर घासायचा आणि प्रत्येक खरखरीला एखादा शब्द गळायचा. सेटिंग्ज, सिस्टीम, साउंडमध्ये ‘इनपुट’ला लॅपटॉपचा माइक आणि ‘आउटपुट’ला इअरफोन असं वेगवेगळं निवडता येतं. ते केल्यापासून काम सुरळीत आहे. शिवाय बोलायला सुरुवात करण्याआधी एकदा कंट्रोल दाबतो, वाचक गप्प होतो. लांब मजकूर असेल तर एनव्हीडीए की (सहसा इन्सर्ट) आणि एस दाबून त्याचं बोलणं पूर्ण बंद करतो, मजकूर संपला की पुन्हा सुरू.

आता शाखेतली मराठी पत्रं मी दुसऱ्या कुणाकडून टाइप करून घेत नाही. याचा आनंद मोठा आहे.

बागायतदार, रत्नागिरी तालुका

माझा माइक ऐकायचा, पण सोबत सतत गुंSS असा घुमणारा आवाज. आंब्याच्या व्यवहाराची पत्रं बोलून लिहायला घेतली की चारातला एक शब्द चुकायचा. ड्रायव्हर काढून पुन्हा घातला, नवा हेडफोन आणला. एके दिवशी वीज गेली, लॅपटॉप बॅटरीवर आला आणि गुणगुण क्षणात थांबली. वीज आली, पुन्हा सुरू. तेव्हा कळलं, ही भानगड चार्जरमधून येते आहे. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा, तोच घुमतो.

वायरमनला बोलावलं. सॉकेट तीन पिनांचं, पण अर्थिंग नावालाच. जांभ्यातला खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला होता. त्याने मीठ-कोळसा घालून तो पुन्हा भरला, तार बदलली, वरून पाणी घालत राहायला सांगितलं. गुणगुण जवळजवळ गेली. खरं तर अर्थिंग माइकसाठी नाही, घरातल्या माणसांच्या जिवासाठी हवं. ज्याला चार्जर लावल्यावरच असा आवाज येतो त्याने आधी घरचं अर्थिंग तपासून घ्यावं, ही कळकळीची विनंती.

डीटीपी चालक, लातूर

जुन्या संगणकाच्या हेडफोनला दोन पिना असतात, हिरवी ऐकायची, गुलाबी माइकची. नव्या लॅपटॉपला एकच भोक. गुलाबी पिन त्यात घातली तर माइक चालत नाही. मोबाइलच्या माइकवाल्या इअरफोनची ३.५ मिमी पिन बघा, तिच्यावर तीन काळे पट्टे असतात. नुसत्या ऐकायच्या पिनेवर दोनच. दोन पिनांची एक करणारा जोड बाजारात स्वस्तात मिळतो, फक्त तो तीन पट्ट्यांचा आहे ना ते मोजून घ्या. मी आधी दोन पट्ट्यांचा आणला होता.

मराठी शाळेची स्वयंसेविका, न्यू जर्सी

रविवारच्या मराठी शाळेसाठी मी धडे बोलून लिहिते. मॅकबुक मोठ्या पडद्याला जोडून, झाकण मिटून ठेवायचे. आठवडाभर माइक मेलेला. झाकण उघडलं की जिवंत. अलीकडच्या मॅकबुकमध्ये झाकण मिटल्यावर आतला माइक विजेच्या पातळीवरच तोडला जातो, कुणी चोरून ऐकू नये म्हणून. ती सोय आहे, बिघाड नाही. आता झाकण हातभर उघडं ठेवते.

ब्लूटूथ हेडफोनचंही सांगते. त्याचा माइक सुरू झाला की हेडफोन गाण्याच्या पद्धतीतून फोनच्या पद्धतीत जातो, आवाज दबका होतो, आणि ‘ण’ आणि ‘न’ची माझी गल्लत तेव्हाच वाढते. वरच्या बँकेतल्या दादांनी लिहिलंय तसंच मीही ऐकायला हेडफोन आणि बोलायला लॅपटॉप असं ठेवलंय.

कनिष्ठ वकील, छत्रपती संभाजीनगर

विंडोज ११ मध्ये विंडोज की आणि एच दाबलं की कुठेही बोलून लिहिता येतं. माझ्याकडे ते फक्त इंग्रजी लिहायचं. ते कीबोर्डची भाषा बघतं. मराठी कीबोर्ड जोडला, विंडोज की आणि स्पेसबारने त्यावर गेलो, मग मराठी सुरू.

आकडे मात्र हाताने टाइप करतो. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत माझा एकदा गोंधळ झाला. गट क्रमांक चुकला तर अशिलाची जमीन दुसरीच ठरते.

लेखिका, सिंधुदुर्ग

माइक उत्तम आहे, परवानग्या आहेत, इंटरनेट आहे. तरीही माझ्या कथेतले संवाद उतरत नाहीत, कारण ते मालवणीत आहेत. ‘खंय गेल्लंस?’ म्हटलं की यंत्र जवळचा प्रमाण मराठी शब्द शोधतं आणि तो लिहून टाकतं. माझी म्हातारी पात्रं शहरातल्यासारखी बोलायला लागतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. सध्या निवेदन बोलून लिहिते, संवाद हाताने.

ध्वनिमुद्रण करून नंतर व्हिस्पर या बोलण्याचा मजकूर करणाऱ्या सॉफ्टवेअरला देऊनही पाहिलं. ते २०२२ साली खुलं झालं, मराठी जाणतं आणि इंटरनेटशिवाय लॅपटॉपवर चालतं. निवेदन बरं येतं, मालवणी तिथेही नाही. म्हणून मी मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या लोकांचे आवाज गोळा करणाऱ्या प्रकल्पावर मराठी वाक्यं वाचून माझा आवाज द्यायला सुरुवात केली आहे. वाक्यं प्रमाण भाषेतली असतात, पण हेल माझा, कोकणातला. आणखी कोणाकोणाला जमेल? वऱ्हाडचे, खानदेशचे, मराठवाड्याचे?

गृहिणी, ठाणे

रेकॉर्डरमध्ये माझा आवाज येतो, डॉक्समध्ये नाही. परवानगी दिली आहे, भाषा मराठी आहे. ब्राउझर फायरफॉक्स. काय करू?

धागाकर्ती

ताई, अडचण ब्राउझरचीच दिसते. डॉक्समधलं व्हॉइस टायपिंग फायरफॉक्समध्ये चालत नाही. क्रोम किंवा एजमध्ये उघडून बघा. आणि बोलताना दुसऱ्या टॅबवर जाऊ नका, ते थांबतं.

गृहिणी, ठाणे

एजमध्ये उघडलं. आईची पुरणपोळीची कृती बोलून पाहिली. ‘कटाची आमटी’सुद्धा बरोबर आली.