महामारी, महासाथ, टाळेबंदी, मंदी : नेमका कुठला शब्द कुठे?

पेठेतली अनुवादक :
मंडळी मदत हवीये. एका ओळखीच्या शिक्षकांसाठी पुस्तिका करतेय, अकरावी-बारावीच्या मुलांना वाटायची, विषय कोविडचे जगभरातले परिणाम, म्हणजे देशांवर आणि अर्थव्यवस्थांवर. मूळ मजकूर इंग्रजीत आहे आणि मी तिसऱ्याच पानावर अडकलेय. पॅंडेमिकला महामारी लिहू की महासाथ? लॉकडाऊनला टाळेबंदी चालेल ना, पेपरवाले तर तेच लिहायचे. आणि रिसेशन, स्लोडाऊन, डिप्रेशन असे तीन वेगळे शब्द एकाच परिच्छेदात आलेत आणि माझ्याकडे तिघांना मिळून एकच शब्द आहे, मंदी. काय करू?

मास्तर_कोथरूड :
महासाथ लिहा ताई. पॅंडेमिक हा शब्द रोग किती लांब पसरला ते सांगतो, किती माणसं मेली ते नाही. महामारीत 'मारी' आधीच बसलेली आहे, तो शब्द कानावर पडला की मरीआईच आठवते, पटकी आणि प्लेगच्या काळातला शब्द तो. आता पुण्याचंच घ्या, २००९ चा स्वाइन फ्लू. जागतिक आरोग्य संघटनेने जूनमध्ये त्याला पॅंडेमिक म्हटलं, देशातला पहिला मृत्यू ऑगस्टमध्ये आपल्याच गावात झाला, शाळा बंद, नायडू रुग्णालयाबाहेर रांगा, मास्कची टंचाई. पण जगाची अर्थव्यवस्था काही त्या फ्लूमुळे थांबली नाही. ती साथ जगभर होती म्हणून महासाथ नक्कीच होती, महामारी म्हणायला मात्र माझी जीभ वळत नाही.

सह्याद्रीचा_कडा :
मास्तर, भाषा अशी चालत नाही. लोक महामारी म्हणतात ना, मग महामारी. महासाथ हा पेपरवाल्यांनी पाडलेला शब्द आहे, आमच्या गावाकडं कुणाला सांगितला तर विचारतील कुणाला साथ द्यायची :)
आणि जुन्या लोकांनी तर प्रत्येक साथीला वेगळं नाव ठेवलं होतं. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाला मानमोडी म्हणायचे. स्पॅनिश फ्लू कोण म्हणत होतं तेव्हा? आणि तो स्पेनमध्ये सुरू झाला असंही नाही, स्पेन युद्धात नव्हता म्हणून तिथल्या पेपरांवर सेन्सॉर नव्हता, बातम्या तिथून आल्या आणि नाव त्या बिचाऱ्यांच्या माथी बसलं. हिंदुस्थानात त्या मानमोडीने एक कोटीच्या वर माणसं गेली असा अंदाज सगळे देतात, त्याला महामारी नाही म्हणायचं तर कशाला?

मास्तर_कोथरूड :
त्याला म्हणाच की. माझा मुद्दा कोविडपुरता नाहीच, पाठ्यपुस्तकाच्या भाषेचा आहे, शब्द एकदा व्याख्येला बांधला की दोन्हीकडे फिरवता येत नाही. आणि ताई, तारखांचा एक घोळ सगळीकडे असतो तो तुमच्या पुस्तिकेत नको. संघटनेने 'आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी' जाहीर केली ३० जानेवारी २०२० ला. पॅंडेमिक हा शब्द वापरला ११ मार्चला. कायद्याच्या दृष्टीने वजन तेव्हा पहिल्याला होतं, दुसऱ्याला नाही, पण जग घाबरलं ते दुसऱ्याने. आणि ५ मे २०२३ ला संपली ती आणीबाणी, 'त्या दिवशी महासाथ संपली' असं लिहू नका.

भोसरी_एमआयडीसी :
टाळेबंदीवर मी बोलणार कारण आयुष्य कारखान्यात गेलंय. टाळेबंदी हा आमचा शब्द आहे हो, तुम्ही लोकांनी उचलला. औद्योगिक विवाद कायदा १९४७ मध्ये लॉक-आउटची व्याख्या होती त्याला मराठीत टाळेबंदी म्हणतात, कामगार करतो तो संप आणि मालक करतो ती टाळेबंदी, भांडण असतं दोघांत आणि मालक गेटला टाळं ठोकतो. २५ मार्च २०२० पासून जे झालं त्यात मालकाचं आणि कामगाराचं काही भांडण नव्हतं, सरकारने दोघांनाही घरी बसवलं. तुम्ही म्हणाल काय फरक पडतो, पडतो, कारण पगाराचा प्रश्न येतो. मालकाने बेकायदा टाळेबंदी केली तर पगार मागता येतो, सरकारने बंद केलं तर कोणाकडे मागायचा? २९ मार्चला केंद्राने आदेश काढला होता की बंद काळाचा पगार कापू नका, मे मध्ये तो मागे घेतला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि कोर्टाने मालक-कामगारांना बोलणी करून मिटवा म्हणून सांगितलं. आमच्याकडे युनियनच्या मीटिंगला एक जण 'टाळेबंदीचा पगार' म्हणाला आणि अर्धा तास लोक दोन वेगवेगळ्या गोष्टींवर बोलत होते. लॉकडाऊन लिहा, सगळ्यांना कळतो.

कसब्याचा_कारकून :
+१. वरून 'ताळेबंदी' लिहिणारे वेगळेच. ताळेबंद म्हणजे बॅलन्स शीट, ताळा जुळतो का बघायचा तो. टाळं म्हणजे कुलूप. एका सोसायटीच्या नोटीसबोर्डवर 'ताळेबंदी काळातील ताळेबंद सोबत जोडला आहे' असं वाचलंय, दोन्हीकडे त.

पेठेतली अनुवादक :
बरं, महासाथ आणि लॉकडाऊन. क्वारंटाइन आणि आयसोलेशन दोन्हीला विलगीकरण लिहिलंय, चालेल?

मास्तर_कोथरूड :
नाही. आजारी माणसाला वेगळं ठेवलं ते आयसोलेशन म्हणजे विलगीकरण, आजारी नाही पण संपर्कात आलाय त्याला ठेवलं ते क्वारंटाइन म्हणजे अलगीकरण. सरकारी कागदांतही सरमिसळ झाली पण फरक तोच आहे. पुढे चला, मंदीचं बघा, ते जास्त महत्त्वाचं आहे.

निवृत्त_बँकवाला :
मंदीवर लिहितो, जरा लांबेल. ताई तुम्ही म्हणालात तिघांना एकच शब्द आहे, पण खरं म्हणजे चौघांना आहे, कारण शेअर बाजारवालेही मंदीच म्हणतात. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी पडला तेव्हा 'बाजारात मंदी'. आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याच सेन्सेक्सने पहिल्यांदा ५०,००० पाहिले तेव्हा 'तेजी', आणि बरोबर त्याच आर्थिक वर्षात देशाचं उत्पन्न घटलं म्हणून अर्थव्यवस्थेत 'मंदी'. मुलगा गोंधळणार नाही तर काय. एकाच पानावर तेजी पण आहे आणि मंदी पण.

माझं मत असं. स्लोडाऊनला मंदी बिलकुल लिहू नका, तिथे वाढ चालूच असते फक्त वेग कमी होतो, 'वाढ मंदावली' एवढं पुरे. कोविडच्या आधी २०१९ मध्ये आपल्याकडे तेच चाललं होतं, चाकण-पिंपरीत गाड्यांची विक्री पडली होती, पण देशाचं एकूण उत्पादन वाढतच होतं. रिसेशनला मंदी ठेवा, पण पहिल्यांदा येईल तिथे अर्थ सांगा. वर्तमानपत्री व्याख्या लागोपाठ दोन तिमाह्या घट अशी आहे, आणि त्या हिशोबाने भारत २०२० च्या एप्रिल-जून आणि जुलै-सप्टेंबर मिळून मंदीत गेला. अमेरिकेत मात्र तिमाह्या मोजत नाहीत, तिथे अर्थतज्ज्ञांची एक समिती ठरवते, आणि तिने ठरवलं की मंदी फेब्रुवारी ते एप्रिल २०२०, म्हणजे दोन महिने, नोंद असलेल्यांत सगळ्यात छोटी. आता हे तुम्ही जसंच्या तसं मराठीत लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल एप्रिलमध्ये सगळं ठीक झालं. एप्रिलमध्ये तिथली बेकारी १४ टक्क्यांच्या वर होती! त्यांच्या भाषेत रिसेशन म्हणजे खाली जाण्याचा काळ, खड्ड्यात राहण्याचा नाही. आपण मंदी म्हणतो तेव्हा खड्ड्यात असणंच म्हणतो.

डिप्रेशन म्हणजे महामंदी, तो शब्द १९२९ नंतरच्या दशकासाठी राखून ठेवा. २०२० मध्ये जगाचं एकूण उत्पादन साधारण ३ टक्के घटलं, दुसऱ्या महायुद्धानंतरची सगळ्यात मोठी घट, पण महामंदी ती नव्हे, पुढच्याच वर्षी जग वाढलं.

हिंजवडी_नाइटशिफ्ट :
काका भारी. पण मग २०२१ च्या एप्रिल-जूनला २० टक्के वाढ आली होती ना, तेव्हा सगळे ग्रुपवर नाचत होते 'मंदी गेली'

निवृत्त_बँकवाला :
२०.१ टक्के. हिशोब करून बघा. २०१९ ची ती तिमाही १०० धरा. २०२० ला २४.४ टक्के घट झाली म्हणजे राहिले ७५.६. त्यावर २०.१ टक्के वाढ म्हणजे ९०.८. म्हणजे दोन वर्षांनीही आपण १०० च्या नऊ-एक खालीच होतो, आणि तेही मध्ये दुसरी लाट येऊन गेलेली. 'वाढ' हा शब्द खोटा नाही पण कशाच्या मानाने ते लिहिल्याशिवाय पुस्तिकेत घालू नका. हे आकडे पुढे थोडे बदललेही, म्हणून 'तेव्हाच्या आकडेवारीनुसार' हेही लिहा.

सह्याद्रीचा_कडा :
इन्फ्लेशनला चलनवाढ लिहिणाऱ्यांना माझा नेहमी प्रश्न असतो, चलन वाढलं म्हणून भाव वाढले हे नावातच ठरवून टाकलं की काय?

निवृत्त_बँकवाला :
बरोबर पकडलंत, आणि कोविडच्या बाबतीत तर हे फारच लागू. अमेरिकेने मार्च २०२० मध्ये २ लाख कोटी डॉलरच्या वरचं पॅकेज आणलं, लोकांच्या खात्यात थेट पैसे टाकले, तिथे चलनवाढ म्हणायला जागा आहे. पण त्याच वेळी कंटेनर मिळेनात, बंदरांत जहाजं अडकली, चिप नाहीत म्हणून चाकणच्या लाइनवर गाड्या अर्धवट, मग २०२२ ला युक्रेन युद्ध आणि तेल. जून २०२२ ला अमेरिकेत महागाईचा दर ९.१ टक्के, आपल्याकडे एप्रिलमध्ये ७.७९. यातलं किती नोटांमुळे आणि किती मालाच्या टंचाईमुळे यावर तज्ज्ञ अजून भांडतायत, तुम्ही 'भाववाढ' लिहा आणि मोकळ्या व्हा. आणि 'महागाई कमी झाली' असं कुठे लिहिलं असेल तर खोडा, भाव वाढायचा वेग कमी झाला, भाव तिथेच आहेत, मंडईत जाऊन विचारा.

पेठेतली अनुवादक :
काका तुम्ही पुस्तिकाच लिहा ना. अजून एक, श्रीलंका 'दिवाळखोर झाला' असं मी लिहिलंय.

निवृत्त_बँकवाला :
देशाचं दिवाळं काढायचं कोर्ट नाही कुठे. कंपनी दिवाळखोर होते, तिची मालमत्ता विकतात. देश 'कर्जफेड थांबवतो' किंवा 'कर्ज थकवतो'. झांबियाने नोव्हेंबर २०२० मध्ये थकवलं, श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये परदेशी कर्जफेड थांबवत असल्याचं जाहीर केलं. आणि श्रीलंकेचं सगळं खापर कोविडवर फोडू नका, पर्यटन बसलं हे खरंच पण २०१९ ची करकपात होती, २०२१ ची रासायनिक खतांवरची बंदी होती, डॉलर आटतच चालले होते.

मांजरीकर_माहेरवाशीण :
लसीबद्दल कोणी बोललंच नाही! आमच्या मांजरीच्या बाजूनेच जगाच्या लसी गेल्या. १२ जानेवारी २०२१ ला पहाटे सीरममधून पहिले ट्रक निघाले ते सगळ्या चॅनलवर होतं, आधी नारळ फोडला. मग एप्रिलमध्ये इथेच माणसांना बेड मिळेनात आणि बाहेर जाणाऱ्या लसी थांबल्या आणि आफ्रिकेतले कितीतरी देश दुसऱ्या डोसची वाट बघत बसले कारण गरीब देशांना लसी पुरवणाऱ्या कोवॅक्स योजनेची मोठी भिस्त या एका कंपनीवर होती. ताई, त्याला पुस्तिकेत काय शब्द आहे?

पेठेतली अनुवादक :
'लसराष्ट्रवाद' लिहिलंय, म्हणजे लस आधी आपल्याच देशाला, आणि 'निर्यातबंदी'.

मास्तर_कोथरूड :
निर्यातबंदी नको, कांद्यावर निघते तशी अधिसूचना काढून बंदी घातली नव्हती, 'निर्यात थांबली' म्हणा. लसराष्ट्रवाद ठेवा पण मग श्रीमंत देशांनी आपल्या लोकसंख्येच्या कितीतरी पट डोस आधीच बुक करून ठेवले होते तेही त्याच परिच्छेदात पाहिजे, नाहीतर तो शब्द फक्त आपल्याला चिकटेल.

पेठेतली अनुवादक :
घालते. शेवटचं, रिकव्हरी? 'सुधारणा' लिहिलंय.

निवृत्त_बँकवाला :
सुधारणा म्हणजे रिफॉर्म होईल, १९९१ वाली. 'सावरणं' लिहा.

हिंजवडी_नाइटशिफ्ट :
आणि के-शेप रिकव्हरी, म्हणजे काही वर गेले आणि काही खालीच राहिले, असं असेल तर के-आकार वगैरे नको, मुलं देवनागरीतला क काढून बघतील. सरळ लिहा, आमच्या आयटीवाल्यांचं कॅम्पस बंद राहूनही बरं चाललं, भरती झाली, आणि गेटसमोरचे पोहे-चहावाले, पीजीवाले, कॅबवाले दोन वर्षं बसून राहिले.