जंगलावर आणि अन्यायावर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी तो आधी ग्रामसभेपुढे मांडावा का?

वैरागडकर (धागाकर्ता):

दर हिवाळ्यात आमच्याकडे, म्हणजे गडचिरोलीत, विद्यापीठांची पोरं येतात. मुंबई, पुणे, दिल्ली, हल्ली बंगळूरहूनही. विषय साधारण ठरलेले असतात: वनहक्क, विस्थापन, आदिवासी स्त्रिया, मोह, तेंदू, वाघ. पोरं चांगली असतात हे आधीच सांगतो. मिळेल ते खातात, म्हाताऱ्यांपाशी तासन्‌तास बसतात, वह्या भरतात. मग जातात आणि त्या वह्यांचं पुढं काय झालं ते गावाला कधीच कळत नाही.

माझं म्हणणं असं: ज्या कामाचा विषय जंगल आणि अन्याय असा दोन्ही आहे, त्याला दोन अटी हव्यात. काम सुरू करण्याआधी ग्रामसभेचा ठराव घ्यायचा. आणि प्रबंध विद्यापीठात जमा करण्याआधी निष्कर्ष ग्रामसभेत वाचून दाखवायचे. हे झालं नसेल तर पदवी थांबवा.

यामागं कायद्याचं कारण आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००८ मध्ये जे नियम झाले, त्यातल्या नियम १३ मध्ये जंगलावरच्या हक्काच्या दाव्याला कोणते पुरावे चालतात ते दिलंय. गॅझेटियर, जनगणना, जुने नकाशे, ज्येष्ठांचे जबाब आणि नामांकित संस्थांनी केलेल्या रूढी-परंपरांच्या नोंदी, संशोधन. म्हणजे कोण कुठल्या डोंगरावर मध काढायचं, कुठल्या नाल्यात मासे धरायचं, कुठल्या झाडाखाली देव, हे जे पोरं लिहून नेतात ते आमच्या दाव्याच्या फायलीत लागू शकतं. गडचिरोलीत हजाराहून जास्त गावांना सामूहिक हक्क मिळाले, पण ज्यांचे दावे अर्धवट आहेत ती गावं आजही एकेका कागदासाठी फिरतात. आणि तोच मजकूर एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात इंग्रजीत पडलेला असतो.

मतं मांडा. विरोधही चालेल.

खडूफळा:

मी महाविद्यालयात शिकवतो, म्हणून आधी जमिनीवर आणतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पर्यावरण हा विषय सक्तीचा झाला. त्यात शंभरपैकी २५ गुण क्षेत्रभेटीचे. त्या २५ गुणांचं महाराष्ट्रात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. झेरॉक्सच्या दुकानात 'नदी प्रदूषण' प्रकल्प तयार मिळतो, फक्त नाव बदलायचं. आता नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसहभागाचे क्रेडिट आलेत. शंभरेक पोरं, प्रवासखर्च शून्य, मार्गदर्शक मी एकटा. तुम्ही त्यात ग्रामसभेचा ठराव टाकलात तर झेरॉक्सवाला ठरावही छापून देईल.

शिवाय नियमात 'नामांकित संस्था' म्हटलंय. एम.ए.च्या पोराचा प्रबंध दावे मंजूर करणाऱ्या जिल्हास्तरीय समितीपुढे पुरावा म्हणून टिकेल, ही आशा थोडी जास्त आहे.

अनवट:

पदवी थांबवण्याच्या अटीला माझा पूर्ण विरोध.

धागाकर्त्यांनी गाव म्हणजे एकच माणूस आहे असं धरलंय. मी पीएचडीचं काम पूर्व विदर्भातल्याच एका गावात केलं, नाव देत नाही. तलाव आणि जंगल दोन्हींवर जगणारी ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाची, घरं हा विषय होता. कायदा अनुसूचित जमातीबाहेरच्या वननिवासींकडून १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, पुरावा मागतो. ज्यांच्या आजोबांकडे स्वतःच्या नावाचा एक चिटोरा नव्हता त्यांनी तो आणायचा कुठून? वैयक्तिक दावे तिथंच अडकले. सामूहिक हक्क आला तेव्हा कागदावर तो सगळ्या गावाचा होता. पण तेंदूपानांच्या विक्रीच्या पैशाचं वाटप ठरताना ही घरं शेवटी उभी असायची, आणि त्यांच्या बायका त्याहून मागे.

मला ठराव कोणाकडून घ्यावा लागला असता? ज्यांच्याबद्दल या बायका बोलत होत्या त्यांच्याकडूनच. आणि निष्कर्ष भर सभेत वाचून दाखवला असता तर दुसऱ्या दिवशी त्या बायकांचं काय झालं असतं?

कायदा सांगतो सभेला निम्मे लोक हवेत आणि त्यात एक तृतीयांश स्त्रिया. त्या हजेरीच्या सह्या कधीकधी सभा संपल्यावर घरोघरी जाऊन गोळा होतात, हे या धाग्यावरच्या निम्म्या लोकांनी पाहिलं असेल. अन्यायाचा अभ्यास अन्याय करणाऱ्याच्या परवानगीने करायचा असेल तर तो न केलेला बरा.

आणि नियम १३ चा मुद्दा तुमच्यावरच उलटतो. गावाने तपासून, गावाला आवडलं तेवढंच ठेवून जमा केलेला प्रबंध पुरावा म्हणून कोण मानेल? वनखात्याचा माणूस पहिल्याच सुनावणीत विचारेल, हे लिहिलं कोणी, विद्यार्थ्याने की दावेदाराने?

वनवासी_रिटायर्ड:

वनखात्यात नोकरी केली, आता पेन्शनर. अनवटताईंशी निम्मा सहमत. उरलेला निम्मा असा की या मुलांचा निष्कर्ष बसमध्येच तयार असतो. खलनायक ठरलेला: आम्ही. माझ्या रेंजमध्ये आलेल्या किती जणांनी वनरक्षकाची मुलाखत घेतली? वनरक्षकही बहुतेकदा याच जिल्ह्यातला, बहुतेकदा आदिवासीच. रात्री एकटा काठी घेऊन बीटमध्ये, म्हणजे नेमून दिलेल्या हद्दीत, फिरतो. त्याच्यावरचा अन्याय कोणाच्या प्रबंधात बसत नाही, कारण त्याच्या अंगावर खाकी आहे.

वैरागडकर:

@वनवासी_रिटायर्ड: वनरक्षकाचं मान्य. पण खलनायक बसमध्ये ठरतो असं म्हणू नका. जोतीरावांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हाच जंगल खात्याने गावची गायरानं आणि डोंगर गिळल्याची तक्रार त्यात आहे. त्यांना कोणी फेलोशिप दिली नव्हती.

@अनवट: ताई, नावं वाचायची नाहीत, हे मला मान्यच आहे. पण बाहेरून आलेल्या माणसाने गावातली फूट कागदावर आणायची, डॉक्टरेट घ्यायची आणि निघून जायचं, त्यात त्या बायकांना काय मिळालं? तुमच्या प्रबंधाने एका तरी ढिवर घराचा दावा पुढं सरकला का? खोचक नाही, खरंच विचारतोय.

अनवट:

नाही सरकला. दावा सरकवणं उपविभागीय समितीचं काम आहे, माझं नाही. संशोधनाने लगेच कोणाचं भलं करावं या अपेक्षेने आपल्याकडे भलं झालं नाही, पण संशोधन मात्र बिघडलं.

झुडपी:

इतके प्रतिसाद आले आणि मोह-तेंदू सोडले तर एकाही झाडाचं नाव नाही! मी वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करतेय, म्हणून राहवत नाही.

'सामाजिक अन्याय आणि निसर्ग' म्हणवणारे बरेच प्रबंध मी वाचलेत. त्यात निसर्ग पडद्यासारखा मागे लटकतो. 'स्थानिक वृक्ष', 'घनदाट वन' असं लिहून मोकळे. ऐन आणि धावडा शेजारी उभे केले तर ओळखता येणार नाहीत, आणि जंगलावर कोणाचा हक्क यावर मात्र दोनशे पानं. आमच्या बाजूचं पाप तेवढंच मोठं आहे. आमच्या विभागात गाव म्हणजे तक्त्यातला एक रकाना: मानवी हस्तक्षेप, कमी / मध्यम / जास्त. बाई सरपण घेऊन जाताना दिसली की 'जास्त'वर खूण.

आता धागाकर्त्यांना अवघड प्रश्न. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं गळतात. ती दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात. तेंदूला कोवळी पानं फुटावीत म्हणूनही कुठं कुठं आग लावली जाते, खरं तर झुडपं छाटूनही तेच साधतं. आग पसरली की त्या वर्षीची रोपं गेली. मोठी झाडं टिकतात, म्हणून जंगल वरून हिरवं दिसतं, पण खाली पुढची पिढी नाही. हे मोजायचं तर दरवर्षी त्याच जागी जाऊन त्याच चौकोनातली रोपं मोजावी लागतात. उद्या माझे आकडे असं म्हणाले की गावाच्या ताब्यातल्या जंगलात रोपं कमी आहेत, तर तुमची ग्रामसभा मला प्रबंध जमा करू देईल? आणि तोच तक्ता वनखात्याच्या हाती पडला, तर 'बघा, हक्क दिले आणि जंगल जळालं' म्हणून नाचवला जाईल, हेही मला दिसतंय. मी दोन्हीकडून मरते.

वनवासी_रिटायर्ड:

झुडपीताई, नाचवणारच. पण आकडा खरा असेल तर तो कोणाच्या सोयीचा आहे हे बघून लपवायचा का?

झुडपी:

लपवणार नाहीच. पण शेजारचा आकडाही मोजेन: खात्याने कूप (तोडीसाठी आखलेला पट्टा) तोडलेल्या आणि साग लावलेल्या भागात रोपं किती आहेत. ते मोजायला आले तर द्याल ना परवानगी?

(अभयारण्यात किंवा राखीव वनात रोपं मोजायलाही वनखात्याची परवानगी लागते, आणि तिला महिने लागतात. त्या परवानगीवर आजवर कोणी धागा काढला नाही. ग्रामसभेने मागितली की लगेच स्वातंत्र्य धोक्यात.)

मोहफूल:

मी त्याच गावांपैकी एकातली. पदवी झाली, आता गावातच असते. तुमची चर्चा वाचून हसू आलं जी, राग नाही.

सगळे धरूनच चाललेत की विद्यार्थी बाहेरचा आणि गाव अभ्यासाचा विषय. माझ्या भावाने दोन उन्हाळे एका संशोधकासोबत माडिया भाषेचं मराठी आणि मराठीचं माडिया करून दिलं. प्रश्न चुकीचा असेल तर तो बदलून विचारायचा, कारण थेट विचारला असता तर म्हातारी उठून गेली असती. म्हणजे अर्धं संशोधन त्याचंच. प्रबंधात आभाराच्या पानावर त्याचं पहिलं नाव आहे, आडनाव चुकलंय.

अभ्यास करायला विद्यापीठच लागतं असंही नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात अभ्यासगट चालायचे. बाहेरचा जाणकार बोलवायचा, पण विषय गावाने ठरवायचा. मध काढताना पोळं आणि माशा मरू नयेत म्हणून काय करायचं हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. कायदाही त्यांनी असाच बसून वाचला. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू नेऊ देईनात, कारण खात्याच्या लेखी तो लाकूड. वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपजात (लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालात) धरलाय, हे गाव दाखवत राहिलं. शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश येऊन वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती देऊन गेले. याला कोणी पीएचडी दिली नाही.

अनवटताई, तुमचं म्हणणं खोटं नाही. आमच्याही सभेत बायका मागे बसतात. पण तुम्ही लिहिलेलं त्या बायकांनाच वाचून दाखवलं असतं, वेगळं, तळ्यावर किंवा बचतगटात, तर काय बिघडलं असतं?

झुडपी, रोपांचं ते आमच्या आईलाही माहीत आहे. विचारून बघा.

टोरांटोस्थित:

इथला अनुभव जोडतो. कॅनडात आदिम समाजांनी १९९८ च्या सुमारास ओकॅप नावाची तत्त्वं मांडली: माहितीची मालकी, नियंत्रण, ती मिळण्याचा हक्क आणि ती प्रत्यक्ष ताब्यात असणं, हे चारही समाजाचं. विद्यापीठांना बांधील असलेल्या राष्ट्रीय संशोधन-नीतीत २०१० पासून आदिम समाजांबद्दलच्या संशोधनावर स्वतंत्र, नववं प्रकरण आहे. विद्यार्थ्यालाही ते लागू. त्यामुळे वैरागडकरांची मागणी जगावेगळी नाही.

पण त्याच प्रकरणात अशीही तरतूद आहे की आदिम समाजाच्या शासनसंस्थेची किंवा सत्ताधाऱ्यांची चिकित्सा करणारं संशोधन नेत्यांच्या नेहमीच्या सहभागाशिवायही करता येतं. म्हणजे अनवट म्हणतात ती अडचण तिथं आधीच ओळखली गेलीय.

अनवट:

टोरांटोस्थित, धन्यवाद, हे कामाचं आहे. पण तिथं संशोधन-नीतीची मंडळं मुळापासून चालतात. आपल्याकडे बऱ्याच विभागांत संमतीपत्र म्हणजे इंग्रजी फॉर्मवर अंगठा. अपवादाची तरतूद इथं आणली तर ती वापरायची कधी हे ठरवणार कोण? विभागप्रमुख? मग पुन्हा तेच.

मोहफूल, बायकांना वेगळं वाचून दाखवायला हवं होतं, हे पटतं. ठरावाची अट पटत नाही, आणि पदवीशी जोडणं तर मुळीच नाही.

वैरागडकर:

मग ठरावाची अट बाजूला ठेवू, वाचनाची ठेवू. आणि एक जोडतो: ग्रामसभेला, बायकांच्या गटाला किंवा ढिवर घरांना जे उत्तर द्यायचं असेल ते त्यांच्या शब्दांत प्रबंधाच्या शेवटी छापायचं. विद्यार्थ्याने आपला निष्कर्ष बदलायचा नाही, त्यांनी आपला बदलायचा नाही. समितीपुढे फाईल गेली तर दोन्ही जातील. झुडपीच्या तक्त्यालाही हेच लागू. आग कोणी लावली, का लावली, हे गाव सांगेल. प्रबंध जमा करायचा तर वाचन झाल्याची नोंद हवी, यावर मात्र मी ठाम आहे.

अनवट:

उत्तर छापायला हरकत नाही. सक्तीला आहे. सक्ती केलीत की वाचन पण झेरॉक्सच्या दुकानात होईल, खडूफळा सरांनी सांगितलंच आहे.

खडूफळा:

माझं वाक्य माझ्याच अंगावर! बरं, सक्ती नको म्हटलं तरी मी पुढच्या वर्षी चार-पाच पोरांवर हे करून बघायला तयार आहे. अडचण तारखांची. प्रबंध जमा करायचे मे महिन्यात. वाचन एप्रिलअखेर ठेवलं तर चालेल का?

मोहफूल:

एप्रिलमध्ये मोह, मे महिन्यात तेंदू. पहाटे चारला गाव रिकामं होतं सर, सभेला कुत्रंही यायचं नाही. पावसाळ्यात रोवणी, दिवाळीनंतर धान कापणी आणि मळणी. वाचायचं असेल तर फेब्रुवारीत या. तुमच्या विद्यापीठाच्या तारखा तेवढ्या हलतात का, ते विचारून सांगा.