शेजारच्या मुलाचे ‘फेअरवेल’ आणि त्याच्या मित्राचा बाप्तिस्मा: पाहुण्यांनी काय करावे?

वैदेही_यूटा

आम्ही चार वर्षांपासून यूटा राज्यातील लीहाय येथे राहतो. शेजारचे कुटुंब लॅटर-डे सेंट्स चर्चचे, म्हणजे ज्यांना आपण सहसा मॉर्मन म्हणतो त्या पंथाचे आहे. त्यांचा अठरा वर्षांचा मुलगा दोन वर्षांच्या मिशनसाठी, म्हणजे धर्मप्रचाराच्या सेवेसाठी, जपानला निघाला आहे. येत्या रविवारी तो उपासनेत बोलणार असून नंतर घरी खाण्यापिण्याचा कार्यक्रम आहे. यालाच इथे ‘फेअरवेल’ म्हणतात. आदल्या दिवशी, शनिवारी, त्याच्या वर्गातल्या एका तैवानी मित्राचा बाप्तिस्मा आहे, आणि आपल्याला पाण्यात याच मुलाने उतरवावे असा त्या मित्राचा आग्रह असल्यामुळे हा विधी तो जाण्याआधीच व्हायचा आहे.

निमंत्रण आम्हाला दोन्हीकडचे आहे. माझे सासू-सासरे सध्या साताऱ्याहून आलेले आहेत. निरोपाला सासऱ्यांची हरकत नाही. पण कुणाच्या धर्मांतराला आपण साक्षीदार म्हणून कशाला जायचे, असा त्यांचा प्रश्न आहे, आणि तो मला अगदीच गैरवाजवी वाटत नाही. दुसरीकडे, या मुलाला आम्ही चौदाव्या वर्षापासून पाहतो आहोत. बर्फ पडला की आमच्या दारापुढची वाट तो न सांगता मोकळी करतो. दोन्ही ठिकाणी नेमके काय घडते आणि आमच्याकडून काय अपेक्षित असेल?

प्रोव्होकर

साक्षीदार हा शब्द तुमच्या सासऱ्यांनी नकळत अगदी नेमका वापरला आहे, कारण या विधीत दोन साक्षीदार खरोखरच नेमलेले असतात. ठरलेले शब्द बरोबर उच्चारले गेले का आणि माणूस संपूर्ण पाण्याखाली गेला का, हे ते हौदाच्या काठाजवळ उभे राहून पाहतात. ऑक्टोबर 2019 पर्यंत हे काम ठरावीक अधिकार मिळालेल्या पुरुषांकडेच असे. आता बाप्तिस्मा झालेला कोणीही सभासद, अगदी आठ-नऊ वर्षांची मुलगीसुद्धा, ते करू शकते. तुम्ही मात्र करू शकत नाही. तुम्ही निव्वळ पाहुणे, त्यामुळे तुमच्या बसण्याचा अर्थ कोणी संमती असा लावणार नाही.

विधी दोन-चार मिनिटांचा असतो, बाकीचा वेळ गाणी आणि छोटी भाषणे. पाण्यात उतरणारे दोघेही पांढऱ्या कपड्यांत असतात. पाण्यात असताना फोटो काढू नयेत. रविवारी उपासनेत बारा-तेरा वर्षांची मुले ब्रेडचे तुकडे आणि नंतर पाण्याच्या इवल्याशा पेल्यांचे तबक रांगेतून फिरवतात. तुम्ही काही न घेता ते शेजारच्याकडे सरकवायचे, त्यात अवमान नाही. आणि ती रोजची रविवारची उपासनाच असते, सत्कार समारंभ नव्हे. हारतुरे न्याल तर मुलगाच संकोचेल. भेट म्हणून रोख रक्कम सर्वांत सोयीची, कारण मिशनचा खर्च मुलगा आणि त्याचे घरच उचलते. चहा-कॉफी त्यांना वर्ज्य आहे, तेव्हा मसाला चहाचा डबा घरीच ठेवा.

नगरचा_पाहुणा

मी नगरच्या ख्रिस्ती घरातला. आमच्या मंडळीत पाळकसाहेब तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडतात, त्यामुळे बुडवून दिलेला बाप्तिस्मा मी पहिल्यांदा पाहिला तो इथेच, आणि इथल्या शिकवणीतले बरेच काही मला मान्य नसूनही सांगतो की अवश्य जा.

कुणाच्या हातून घ्यायचा, याला आपल्याकडेही मोल होते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा अमेरिकन मिशनऱ्यांशी चांगला परिचय असताना 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो रेव्हरंड तुकाराम नाथोजी या एतद्देशीय पाळकांच्या हातून. मात्र त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्या वेळी तिथे नव्हत्या. पुढची काही वर्षे त्यांनी वेगळे राहून काढली, आणि स्वतः बाप्तिस्मा घेतला तो 1900 मध्ये, स्वतःच्या विचाराने. म्हणून माझी नजर अशा प्रसंगी हौदाकडे कमी आणि खुर्च्यांकडे जास्त जाते. त्या तैवानी मुलाच्या घरचे कोणी आले आहे का? आले असेल, तर यजमानांच्या गर्दीत ते एकटे पडलेले असतील. तुम्ही त्यांच्याजवळ बसा.

वैदेही_यूटा

दोघांचेही आभार. शनिवारी आम्ही चौघेही गेलो. त्या तैवानी मुलाची आई आली होती, कडेच्या खुर्चीवर, पर्स मांडीवर घट्ट धरून. सासूबाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, आणि सासूबाईंचे मराठी काही थांबत नव्हते.

हौदावर तिरका आरसा लावलेला असल्यामुळे मागूनही दिसत होते. तैवानी मुलाने एका हाताने नाक धरले, दुसऱ्याने मित्राचे, म्हणजे आमच्या शेजारच्या मुलाचे, मनगट. मित्राने उजवा हात उंच करून शब्द म्हटले आणि त्याला मागे झुकवून पाण्याखाली नेले. पण पायाचा अंगठा वर राहिला. साक्षीदार म्हणून उभी असलेली शेजाऱ्यांची बारा वर्षांची मुलगी मान हलवून ‘नाही’ म्हणाली, तेव्हा सगळे पुन्हा पहिल्यापासून झाले. दुसऱ्यांदा तो ओला होऊन वर आला तेव्हा त्याच्या आईने रुमाल काढला, पण स्वतःसाठी नव्हे. तो तिने मुलाच्या दिशेने धरला आणि मग अंतर लक्षात येऊन तसाच मांडीवर ठेवला. सासरे परतताना म्हणाले, “पोरगी कडक आहे, भावाचीसुद्धा गय केली नाही.”

रविवारी शेजारचा मुलगा दहाएक मिनिटे बोलला, त्यातली निम्मी आजीबद्दल. पूर्वी मिशनवरून घरी फोन फक्त नाताळात आणि मातृदिनाला करता येत असे, 2019 पासून दर आठवड्याला येतो, असे त्याच्या आईने सांगितले. तरीही ती रडतच होती. दारापाशी त्याच्या साप्ताहिक पत्राच्या यादीसाठी एक वही ठेवली होती. सासऱ्यांनी चष्मा लावून आपला ईमेल पत्ता त्यात स्वतः लिहिला, आणि आता उत्तरे कोणत्या भाषेत लिहायची, असे ते मला विचारत आहेत.