किल्लारीचा भूकंप आणि देवाचे दयाळूपण

प्रश्न
माणसाने माणसावर केलेल्या अत्याचाराचा दोष माणसाकडेच जातो, हे मला पटते. पण ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात जे घडले त्याचे काय? आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणून गणपतीला निरोप देऊन झोपलेली माणसे पहाटे चारच्या सुमारास आपल्याच घरांच्या भिंतींखाली गाडली गेली, त्यांत तान्ही मुलेही होती. देव दयाळू आहे आणि सर्वसमर्थही आहे, असे मानणाऱ्याने याची संगती कशी लावावी? श्रद्धा सोडायला निमित्त हवे म्हणून नव्हे, ती टिकावी म्हणून विचारतो आहे.

पहिला प्रतिसाद
हा आक्षेप आपल्या परंपरेने फार पूर्वीच विचारात घेतला आहे. ईश्वराकडे पक्षपात आणि निर्दयता हे दोष येतात का, याची चर्चा ब्रह्मसूत्रांच्या, म्हणजे वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथाच्या, दुसऱ्या अध्यायात आहे. तिथल्या आपल्या भाष्यात शंकराचार्य पावसाचा दृष्टांत देतात: पाऊस सर्वत्र सारखाच पडतो, पण भात उगवणार की जव, हे बीजावर ठरते; तसे ईश्वर जिवाच्या कर्मानुसारच फळ देतो. पहिले कर्म कुठून आले, या शंकेला संसार अनादी असल्याचे उत्तर पुढच्याच सूत्रात आहे.

दुसरा प्रतिसाद
ही मांडणी तर्काने भक्कम आहे, पण ती मेलेल्यालाच दोषी ठरवते, आणि ढिगाऱ्याशी बसलेल्या आईला ती ऐकवणे मला क्रूरपणाचे वाटते. शिवाय याच युक्तिवादाने पिढ्यानपिढ्या अस्पृश्यांना त्यांचा जन्म हे त्यांच्याच कर्माचे फळ असल्याचे सांगितले गेले. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर गांधीजींनी तर अस्पृश्यतेच्या पापाची ती ईश्वरी शिक्षा असल्याचे म्हटले. हेतू उदात्त होता, तरी अस्पृश्यतेचा प्रखर विरोध करणाऱ्या रवींद्रनाथांनीही नैसर्गिक आपत्तीला नैतिक कारण चिकटवण्यास जाहीर हरकत घेतली. गांधीजींनी ती आपल्या ‘हरिजन’ साप्ताहिकात छापली, आपले मत मात्र बदलले नाही. मला रवींद्रनाथांचे म्हणणे योग्य वाटते. किल्लारीत माणसे दगावली त्याचे मोठे कारण मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड माळवद, म्हणजे सपाट छप्पर, हे होते. त्याचा विचार इंजिनिअरने करावा. त्यात मृतांचे पाप शोधू नये.

प्रश्नकर्ता
हे मान्य आहे. परंतु जमीन हलली कशी, हे कळल्याने देवाने ती का हलू दिली, हा प्रश्न मिटत नाही.

तिसरा प्रतिसाद
नाही मिटत, आणि मिटवण्याची घाईही करू नये. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पत्नी ‘अन्न अन्न’ करीत गेली, हे त्यांनी अभंगात उघडपणे सांगितले आहे; कोणतीही सारवासारव केलेली नाही. दुष्काळाने पीडा केली ते बरेच झाले, त्यामुळे देवाची आठवण राहिली, असेही ते म्हणतात. पण हे ज्याने सोसले तो स्वतःपुरते म्हणतो आहे. देहूतल्या दुसऱ्या कोणी त्यांच्या दारी जाऊन हेच म्हटले असते, तर तो निव्वळ निष्ठुरपणा ठरला असता. परंपरा सांगते की त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली. दुष्काळ का पडला, याचे उत्तर त्यांना मिळाले होते असे मला वाटत नाही, तरी ते विठ्ठलाशी भांडत राहिले आणि त्याला सोडूनही गेले नाहीत. माझी श्रद्धाही या प्रश्नासकटच आहे, आणि तुम्हीही प्रश्न सोडू नये असे मला मनापासून वाटते.