मदत हवी आहे: जुन्या पिकअपचं टप तीन इंच कापलं, आता जुळत नाही

१९५१ ची शेवरोले ३१०० आहे. समोर मधल्या पट्टीच्या दोन सपाट काचा, मागच्या कोपऱ्यांत काचा नाहीत. टप तीन इंच खाली घ्यायचं असं वर्षभर डोक्यात होतं. परवा शेवटी ग्राइंडर चालवला.

कापण्याआधी केबिनमध्ये चौकोनी पाइपचा सांगाडा वेल्ड केला होता. दारं बंद ठेवून कर्ण मोजले, सगळ्या खांबांवर चिकटपट्टी लावून खुणा केल्या. एवढं सगळं केलं, पण एक गोष्ट डोक्यातच आली नाही. चेनकप्पीने टप उचललं, कापलेले तुकडे काढले, टप खाली सोडलं आणि बघतो तर पुढचा वरचा खांब खालच्या खुंटाच्या सव्वा इंच मागे. पुढे सरकवून खांबावर खांब आणला तर मागच्या भिंतीत दोन इंचांची फट. बाजूनेही वरचं टप दोन्हीकडून अर्धा अर्धा इंच आत बसतंय. अंगठा सहज जातो.

कापताना हात हलला असेल म्हणून पुन्हा मोजलं. कट बरोबर आहेत.

प्रश्न असे:
टप मधून आडवं कापून दोन इंचांची पट्टी घालू, की खांब वाकवून जुळवून घेऊ?
काचा तीन इंचांनी कमी करून आणायच्या आहेत, आत्ताच माप देऊ का?
दारांच्या वरच्या चौकटी आधी कापायच्या की नंतर?

टप सध्या साखळीला लटकलंय. घरच्यांनी त्याला पाळणा म्हणायला सुरुवात केली आहे.

प्रतिसाद
पाळणा आवडला. बाकी मला यातलं कळत नाही, पण धागा वाचतोय.

प्रतिसाद
कट चुकलेले नाहीत, केबिनच निमुळती आहे. बादली उपडी ठेवा, तिच्या मधला तीन बोटं रुंद पट्टा कापून काढा आणि वरचा भाग खालच्यावर ठेवा. वरच्याचं तोंड लहानच पडणार. तुमच्याकडे पुढचे खांब मागे झुकलेत, मागची भिंत पुढे झुकलीय आणि बाजू आत. म्हणून टप चारही बाजूंनी आखूड पडलं. पुढे सव्वा आणि मागे पाऊण, मिळून तुमचे दोन इंच.

काचेचं माप अजिबात देऊ नका. काच तिरकी बसते. उभे तीन इंच गेले आणि आडवा सव्वा इंच फरक आला, म्हणजे तिरक्या रेषेत सव्वातीन इंच गेले. पायथागोरस लावून बघा. मूळचाच कोन ठेवला तर तीन इंचांनी कापलेली काच पाव इंच मोठी निघेल आणि चौकटीत शिरणार नाही, कोन बदलला तर माप आणखी वेगळं. टप पक्कं वेल्ड झाल्यावर पुठ्ठ्याचा साचा कापा, रबरासकट बसवून बघा आणि तो साचाच काचवाल्याला द्या. डाव्या-उजव्या काचेचे साचे वेगळे. दोन्ही बाजू सारख्या निघाल्या तर नशीब. काचेच्या कोपऱ्यातली खूणही वाचा. लॅमिनेटेड काच कापता येते, टफन्ड काच कापायला गेलात तर तिचे खडे होतात.

आता पट्टी की खांब. पट्टीने समोरच्या काचेचा कोन मूळचा राहतो, हा तिचा मोठा फायदा. पण टपाचा पत्रा दोन्ही दिशांना फुगीर आहे आणि त्यावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोन लांब वेल्ड येतील. रुंदीसाठी उभी पट्टीही घालायची तर टपाचे चार तुकडे होतील. वेल्ड थंड होताना आक्रसतो आणि आजूबाजूचा पत्रा ओढतो. मी एका टपावर घाईने सलग वेल्ड मारला होता. नंतर ते टप तेलाच्या डब्याच्या झाकणासारखं टक-टक वाजायचं, आणि ते सरळ करण्यात कापण्यापेक्षा जास्त दिवस गेले.

पहिलंच टप असेल तर मी खांब झुकवायला सांगेन. पण खांब फक्त बुडाशी वाकवू नका. खालचा खुंट मागे गेला आणि वरचा तुकडा जुन्याच कोनात राहिला, तर जोडावर खांबाला गुडघा येतो आणि सपाट काच त्यावर कधीच बसत नाही. बुडाशी मागच्या बाजूने पाचरीएवढा तुकडा काढा, पुढचा पत्रा बिजागरीसारखा शाबूत ठेवा. वर, टपाच्या कोपऱ्याशी, त्याच कोनाची खाच, पण पुढच्या बाजूने. दोन्ही मिळून खांब एका रेषेत आला पाहिजे. लांब सरळ पट्टी खांबाला लावून बघा, उजेड दिसता कामा नये. दोन काचांमधली पट्टीही त्याच कोनात न्यावी लागेल, ती लोक हमखास विसरतात. मागची भिंत कमरेशी आडवी चिरून पाऊण इंच पुढे घ्या, बाजूचे खांब अर्धा इंच आत दाबा.

टॅक, म्हणजे वेल्डचे सुटे ठिपके, मारताना एक पुढे, एक मागे, एक डावीकडे असं फिरत राहा. पत्रा हाताला गार लागल्याशिवाय त्याच जागी परत जाऊ नका. प्रत्येक टॅक घासून, मागे डॉली (लोखंडी ठोकळा) धरून हातोडीने हलका ठोका, आक्रसलेला पत्रा परत ताणला जातो. हे नीट केलं तर वरून भरायची लांबी (पुट्टी) पातळ लागते. जाड लांबीखाली लपवलेला जोड पुढे तडकतो.

दारं सगळ्यात शेवटी. टप टॅकवर उभं राहिलं की दार बिजागरीवर बंद ठेवून वरची चौकट कापा आणि टपाच्या कडेच्या पन्हाळीच्या रेषेला जुळवा. खांब जास्त झुकल्यामुळे दाराच्या पुढच्या कोपऱ्यातल्या तिकोनी काचेची चौकटही झुकवावी लागेल. ही तिकोनी काच १९५१ लाच आली. एक वर्ष जुनी गाडी घेतली असतीत तर हे काम वाचलं असतं!

प्रतिसाद
टाकी काढलीत का? या गाडीत पेट्रोलची टाकी सीटच्या मागे, केबिनमध्येच असते.

धागाकर्ता
काढली आहे. रिकामी करून शेडच्या कोपऱ्यात ठेवली आहे.

प्रतिसाद
शेडच्याच कोपऱ्यात? आधी बाहेर न्या, मग पुढचं वाचा. द्रव पेट्रोलपेक्षा त्याची वाफ पटकन भडकते आणि रिकाम्या टाकीत वाफच भरलेली असते. बॅटरीही सोडवा. राहिलेल्या काचांवर जाड घोंगडी टाका, ग्राइंडरची ठिणगी काचेत रुतली की तो ठिपका निघत नाही.

प्रतिसाद
तीनवर थांबलात हे बरं. मी साडेचार इंच कापलं होतं. दिसायला झकास, पण सिग्नल बघायला मान स्टीअरिंगवर टेकवावी लागायची. शेवटी सीटचा सांगाडाच खाली घेतला. तुम्ही वेल्ड पक्का करण्याआधी एकदा सीट ठेवून बसून बघा. नोंदणीच्या नियमांत असा बदल चालतो का तेही विचारून घ्या.

धागाकर्ता
टाकी बाहेर नेली. झाकण उघडं होतं, जास्त बोलत नाही.

बादलीचं उदाहरण वाचल्यावर कपाळावर हात मारला. खांब झुकवायचं ठरवलंय. आज सकाळी पुठ्ठ्यातून खांबाची बाजू कापून दोन्ही खाचा त्यावर करून बघितल्या. खालची खाच थोडी मोठी झाली आणि गुडघा लगेच दिसला. दुसऱ्या पुठ्ठ्यावर सरळ आला. सीटवर बसूनही बघितलं, डोक्यावर चार बोटं जागा उरते.

एकच अडलंय. बुडाशी खाच घ्यायच्या जागी आत दुसरा पत्रा आहे, दाराची वरची बिजागरी त्याच्या जवळच बसते. आतला पत्रा बाहेरच्याच रेषेत कापू, की वर-खाली?

प्रतिसाद
वर-खाली. आतला कट बाहेरच्यापासून निदान इंचभर लांब ठेवा, दोन्ही वेल्ड एकाच रेषेत आले तर खांब तिथेच कमजोर होतो. आणि बिजागरीच्या बोल्टांपासून दूर राहा, कट वर सरकला तरी चालेल. खाचेचा फोटो टाका, टॅक मारायच्या आधी.