खवाट्यात (खांद्यामागच्या पात्यात) तीन आठवडे कळ येतेय, उसण की आणखी काही? सल्ला हवा

हुपरीची सून
नमस्कार. मिस्टरांसाठी विचारतेय. वय ४६, चांदीचं काम. दिवसभर मान खाली घालून पैंजणाच्या कड्या जोडायच्या, डाक द्यायचा. तीन आठवडे झाले, उजव्या खवाट्याच्या आतल्या कडेला सुई टोचल्यासारखी कळ येते. सासूबाई म्हणतात उसण भरलीय. तेल चोळलं, विटेनं शेकलं, गल्लीतल्या पायाळू पोराकडून पाठीला पाय लावून घेतला. दोन दिवस बरं वाटतं, की परत ये रे माझ्या मागल्या. आता आठवडाभर घरी आले की उजवा हात डोक्यावर ठेवून बसतात. तसं बसणं चांगलं नाही म्हणून सासूबाई ओरडतात, पण हात खाली घेतला की कळ वाढते म्हणे. कुणाला दाखवू? मला झोप नाही.

कागलकर
वहिनी, जेवणाशी काही संबंध आहे का ते आधी बघा. माझंही उजव्या खवाट्याखालीच दुखायचं. रात्री मटण आणि तांबडा रस्सा झाला की तासा-दोन तासांनी सुरू, मळमळ व्हायची, कुठल्याच कुशीवर चैन नाही. मी सहा महिने मलमं चोळली. शेवटी पोटाची सोनोग्राफी केली तर पित्ताशयात खडे. डॉक्टरांनी समजावलं की पित्ताशयाच्या आणि पाठीच्या त्या भागाच्या नसा मज्जारज्जूत एकाच पातळीला येतात, त्यामुळं दुखणं पोटातलं असून पाठीत जाणवतं. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, खवाटा परत दुखला नाही.

मंगळवार पेठ
ताई, घाबरवायचं नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या वडिलांना शुगर होती. दोन्ही खवाट्यांच्या मध्ये दाब आणि दरदरून घाम, एवढंच. छातीत काहीच नाही. जवळच्या दवाखान्यात गॅस म्हणून गोळी देऊन घरी पाठवलं. तो हार्ट अटॅक होता. वेळेत मोठ्या हॉस्पिटलात नेलं म्हणून वाचले. जिना चढताना दुखणं वाढत असेल, घाम-दम असेल, किंवा पाठ फाटल्यासारखी अचानक कळ आली, तर थांबू नका, १०८ ला फोन करा.

गंगावेस
त्या जागेवर पुरळ उठतंय का तेही रोज बघा. आईला चार दिवस नुसती आग होत होती, मग नागीण उठली. तिचं औषध लवकर सुरू केलेलं बरं.

फिजिओ राजारामपुरी
ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. वरच्या सगळ्या शक्यता खऱ्या आहेत, पण तुम्ही डोक्यावरच्या हाताचं लिहिलंय ते फार महत्त्वाचं आहे. हात वर गेला की मानेतल्या दबलेल्या नसेवरचा ताण कमी होतो, म्हणून माणूस आपसूक तसा बसतो. त्यांना तसं बसू द्या. मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली की कळ खवाट्याच्या आतल्या कडेलाच येते, आणि आपण मूळ सोडून पाठ चोळत बसतो.

त्यांना विचारा, वर बघून मान उजवीकडे कलवली की कळ हातात उतरते का? मुंग्या येतात का, आणि कोणत्या बोटात? अंगठा असेल तर सहावी नस, मधलं बोट असेल तर बहुतेक सातवी. काम करताना चिमटा हातातून निसटतो का? हातातली ताकद जात असेल, चालताना तोल जात असेल, लघवीवर ताबा राहत नसेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. ताप असेल, वजन उतरत असेल तरी लवकर दाखवा, मणक्याचा टीबी आपल्याकडं असतो. यातलं काही नसेल तर बहुतेकांना दीड ते तीन महिन्यांत ऑपरेशनशिवाय आराम पडतो. सलूनमध्ये मान कडाकडा मोडून घेत असतील तर आजपासून बंद. हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. खर्चाची अडचण असेल तर कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात जा.

हुपरीची सून
विचारलं. सकाळी मधलं बोट बधिर असतं म्हणाले. तीन आठवड्यांत मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं! चिमटा नीट धरतात. जेवणाचा संबंध नाही, घाम-दम नाही. उद्या नेते.

हुपरीची सून
परवा दाखवून आलो. मानेचीच नस निघाली. माझ्या आग्रहावरून ईसीजी काढला, तो साधा आला. हाताची ताकद चांगली आहे म्हणून एमआरआय आत्ताच नको, गोळ्या आणि व्यायाम सहा आठवडे. दिरांनी कामाचा पाट विटांवर चढवून छातीला आणलाय, दर अर्ध्या तासाला उठवायचं काम माझ्या मुलीनं घेतलंय. सासूबाई आता डोक्यावर हात दिसला तरी काही बोलत नाहीत. कागलकर भावजी, मंगळवार पेठवाले दादा, गंगावेस, फिजिओताई, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. एकच विचारायचं राहिलं, उशी काढून टाकू का?

फिजिओ राजारामपुरी
काढू नका. कुशीवर झोपल्यावर खांदा आणि कान यातली पोकळी भरेल एवढी जाड ठेवा. पालथं मात्र झोपू देऊ नका.