दीड गेम मागे, 10 मॅच बाकी: आशा ठेवायची की पहाटेची झोप वाचवायची?

धरमपेठ_डगआउट

राजेहो, अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमधली माझी टीम, नाव मुद्दाम लिहीत नाही, नजर लागते. फक्त आकडे देतो. आम्ही 82-70 (विजय-पराभव). तिसऱ्या वाईल्ड कार्डवर (डिव्हिजन न जिंकणाऱ्यांसाठीची प्लेऑफची जागा) बसलेली टीम 84-69, डिव्हिजन म्हणजे लीगमधला पाच टीमचा गट वेगळा. टेबलात आम्ही दीड गेम मागे (विजय दोनने कमी, पराभव एकने जास्त, बेरजेचं निम्मं). आमच्या 10 उरल्या, त्यांच्या 9. आमचं वेळापत्रक: गुरुवार ते रविवार 4 मॅच, सोमवारी सुट्टी, मंगळ ते गुरु 3, शेवटी शुक्र-शनि-रवि 3. पहिल्या 4 आणि शेवटच्या 3 आमच्याच डिव्हिजनमध्ये. त्या टीमशी यंदाचा आपसातला हिशोब 3-3.

नेमक्या किती जिंकायच्या? बरोबरी झाली तर काय? आमचा एक नंबरचा स्टार्टर (मॅच सुरू करणारा पिचर) या गुरुवारी टाकतो आहे, तो पुढे कामाचा राहील का? आणि रन फरकात आम्ही बरेच पुढे आहोत, त्याचा काही उपयोग?

महाल_कर्व्हबॉल

बरोबरी झाली तर दुसऱ्या दिवशी 163वी मॅच (162 च्या सीझननंतरची जादा मॅच) होते, टेन्शन नको.

वर्धारोड_लेफ्टी

ते 2021 पर्यंत, भाऊ. 2022 पासून प्लेऑफमध्ये 12 टीम आल्या आणि 163वी मॅच बंद झाली. आता सगळं कागदावर ठरतं. आणि हे आयपीएल नाही, इथे नेट रनरेटसारखं काही धरत नाहीत. 14-2 ने जिंकलं काय, 2-1 ने काय, टायब्रेकरमध्ये (बरोबरी सोडवायच्या नियमांत) रन फरकाला शून्य किंमत.

क्रम असा: आधी आपसातला रेकॉर्ड. तो सारखा असेल तर आपापल्या डिव्हिजनमधला रेकॉर्ड. तोही सारखा निघाला तर लीगमधल्या इतर दोन डिव्हिजनविरुद्धचा. तुमचं आपसात 3-3 आहे, म्हणजे गाडी थेट दुसऱ्या पायरीवर. डिव्हिजनमध्ये प्रत्येकाच्या 52 मॅच, चार टीमशी 13-13. तुमच्या उरलेल्या 10 पैकी 7 तिथल्याच. त्या सातांतला प्रत्येक विजय दोन खात्यांत जमा होतो, मधल्या तीन मॅचचा एकाच खात्यात. आज रात्रीच दोन्ही टीमचा डिव्हिजन रेकॉर्ड काढून शेजारी शेजारी लिहून ठेवा.

आता किती जिंकायच्या. दीड गेमकडे बघू नका, पराभवाच्या रकान्याकडे बघा. तुमचे 70, त्यांचे 69. न खेळलेली मॅच जिंकता येते, झालेला पराभव पुसता येत नाही. सीझनच्या 162 मॅचमध्ये एक मिळवून आलेल्या 163 मधून त्यांचे विजय आणि तुमचे पराभव वजा करा: 163 – 84 – 70 = 9. ते जिंकले की एक कमी, तुम्ही हरले की एक कमी. शून्यावर खेळ खलास. डिव्हिजन रेकॉर्ड त्यांचा चांगला निघाला तर मोजणी 9 नव्हे, 8 पासून.

ते 5-4 खेळले तर 89 विजय. तुम्हाला बरोबरीला 7-3 लागेल, निर्विवाद पुढे जायला 8-2. ते 4-5 खेळले तर तुम्हाला 6-4 किंवा 7-3. ते 3-6 वर घसरले तरच 5-5 ने बरोबरी जमते. म्हणून 5-5 धरून चालू नका.

ऑरेंजसिटी_नकलबॉल

एक विजय किती महाग पडतो ते 2025 मध्ये दिसलं. मेट्स आणि रेड्स दोघं 83-79. शेवटच्या दिवशी दोघंही हरले. मेट्सनी मार्लिन्सकडून 4-0 मार खाल्ला, ती एक मॅच जिंकली असती तर आत होते. आपसात रेड्सचे 4-2, म्हणून रेड्स गेले. त्याच वर्षी ब्लू जेज आणि यँकीज दोघं 94-68, आपसात जेजचे 8-5, डिव्हिजन त्यांची. यँकीजना वाईल्ड कार्डवरून खेळावं लागलं.

आशेसाठीही दाखला आहे. 2011 चे कार्डिनल्स ऑगस्टच्या शेवटी साडेदहा गेम मागे होते, शेवटच्या दिवशी ब्रेव्ह्जना ओलांडून आत गेले आणि वर्ल्ड सिरीज जिंकले. पण असे दाखले आठवतात तेच मुळी क्वचित घडतात म्हणून.

धरमपेठ_डगआउट

हिशोब पटला. पिचरचं राहिलं.

वर्धारोड_लेफ्टी

हा खरा पेच आहे. स्टार्टरला दोन मॅचमध्ये साधारण चार दिवस विश्रांती. तुमचा एक्का गुरुवारी टाकेल, मग मंगळवार, मग शेवटचा रविवार. रविवारी त्याने 95-100 पिच टाकल्या की मोकळा होणार थेट शुक्रवारी. वाईल्ड कार्ड सिरीज मंगळवारी सुरू होऊन तीनच मॅचची, म्हणजे गुरुवारपर्यंत आटोपलेली. तुमचा सगळ्यात चांगला माणूस ती डगआउटमध्ये बसून बघणार. आणि तिन्ही मॅच वरच्या सीडच्याच (क्रमवारीत वर असलेल्या टीमच्याच) मैदानात.

दुसरा मार्ग असा. सोमवारच्या सुट्टीनंतर त्याला मंगळवारऐवजी बुधवारी आणायचं. मग तो रविवारी टाकत नाही आणि पुढच्या मंगळवारच्या पहिल्या मॅचला पाच दिवस विश्रांती घेऊन तयार असतो. पण सीझनमध्ये तुम्हाला त्याच्या तीनऐवजी दोनच मॅच मिळतात, आणि कमी झालेली मॅच डिव्हिजनमधली, म्हणजे दोन खात्यांची.

मी तीनच घेईन. दीड गेम मागे असलेल्यांनी पंगतीत आधी जागा धरायची, जिलबीचं नंतर बघू. शनिवारी जागा पक्की झालीच तर रविवारी त्याला बसवता येतो. मंगळवार ते मंगळवार, मध्ये सहा दिवस, उलट जास्त ताजा.

एक्क्यापेक्षा मला काळजी सातव्या ते नवव्या इनिंगच्या रिलीव्हरांची (स्टार्टरनंतर येणाऱ्या पिचरांची) वाटते. लागोपाठ दोन दिवस टाकलेला रिलीव्हर तिसऱ्या दिवशी आला की आधी स्लायडरचा (बाजूला वळणाऱ्या पिचचा) ताबा जातो. स्लायडर प्लेटच्या मध्यावर तरंगते आणि तिथून दोन रनचा होमर (होम रन). सप्टेंबरात रोस्टर (टीममधल्या खेळाडूंची यादी) 28 चं असतं, त्यात पिचर 14 पर्यंत. पाच-सहा रननी पुढे असाल तेव्हा त्यातल्या मागच्या दोघांकडून इनिंग काढून घेतात की नाही ते बघा. मोठ्या आघाडीवरही मॅनेजर रोज क्लोझरच (मॅच संपवायला ठेवलेला रिलीव्हर) आणत असेल तर शेवटच्या रविवारी त्याची किंमत मोजावी लागेल. प्लेऑफला रोस्टर परत 26 वर येतं.

महाल_कर्व्हबॉल

163वीबद्दल चूक झाली, मान्य. पण पावसाने गेलेली मॅच राहते ना?

ऑरेंजसिटी_नकलबॉल

हो, निकालावर काही अवलंबून असेल तर सीझन संपल्यावर सोमवारी भरून काढतात. 30 सप्टेंबर 2024 ला मेट्स-ब्रेव्ह्ज एका दिवसात दोन खेळले. 8-7 मेट्स, 3-0 ब्रेव्ह्ज. दोघं 89-73 वर आत, ॲरिझोनाही 89-73, पण टायब्रेकरवर बाहेर. ब्रेव्ह्ज मंगळवारी थेट सॅन डिएगोत उतरले आणि 2-0 ने घरी गेले.

मिहान_नाईटशिफ्ट

वेळेचं कोणीच लिहिलं नाही. सप्टेंबरात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे, कॅलिफोर्निया साडेबारा. पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी 7:05 ची मॅच म्हणजे नागपुरात पहाटे 4:35. पश्चिमेकडची 7:10 ची सकाळी 7:40 ला, तर्री पोहा हातात घेऊन बघता येते. दुपारी 1:05 ची मॅच आपल्याकडे रात्री 10:35 ला.

अमेरिकेतल्या शुक्रवार रात्रीच्या मॅचसाठी अलार्म आपल्या शनिवारचा लावा, नवीन माणूस इथेच चुकतो. शेवटच्या रविवारी सगळ्या मॅच पूर्व किनाऱ्याच्या दुपारी तीनच्या आसपास एकाच वेळी सुरू करतात, म्हणजे आपल्याकडे रविवार रात्र उलटून साडेबारा. एका स्क्रीनवर आपली मॅच, दुसऱ्यावर गेमडेमध्ये (लीगच्या लाइव्ह स्कोअरमध्ये) त्यांची. मात्र गेमडेचं नोटिफिकेशन बंद ठेवा. स्ट्रीम मागे असते, बॅटर उभा राहायच्या आधीच फोन होमर सांगून मोकळा होतो.